दोघांनाही न येणाऱ्या भाषेचा देश

"कुठे जायचंय?" हा प्रश्न लग्न ठरेपर्यंत मला फक्त रिक्षावाल्यांनी विचारला होता.

त्यांना उत्तर देणं सोपं असायचं. स्टेशन, नाहीतर पारनाका. बाकीच्या बाबतीत मी कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असे. शाळा बाबांनी निवडली, वसईतलीच कॉन्व्हेंट, कारण इंग्रजी आलं की मुलीचं पुढे अडत नाही असं त्यांचं मत होतं. कॉलेजची शाखा मामाने सुचवली. स्थळ आत्याने आणलं. प्रत्येक वेळी मला शेवटी विचारत, "चालेल ना गं?" आणि मी म्हणायचे, "चालेल." मला ते सगळं खरंच चालतही होतं. पण काय आवडलं असतं याचा विचार करायची सवयच लागली नाही.

तो विरारला, बोळिंजच्या एका सोसायटीत आईवडिलांबरोबर राहायचा. साखरपुडा झाल्यावर लग्नाला बरेच महिने होते. दर रविवारी दुपारी तो स्कूटरवरून वसईला यायचा, आईचा चहा घ्यायचा, पाण्याचा टँकर तुमच्याकडे कधी येतो आणि आमच्याकडे कधी, यावर बाबांशी मनापासून बोलायचा आणि मग आम्हाला किल्ल्यात जायची परवानगी मिळायची. सातच्या आत घरी, ही अट आई दारातच सांगायची, त्याच्याकडे न बघता.

पहिल्याच रविवारी त्याने पिशवीतून सहलीच्या कंपनीची एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये दगडावर ठेवली. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर होता आणि त्यापुढे स्वेटर घातलेलं, दात दाखवणारं एक जोडपं.

"महाबळेश्वरला सगळेच जातात," तो म्हणाला. "आपण युरोपला जाऊ. कंपनीत सांगून ठेवलंय, लग्नाला जोडून रजा मिळेल. तर, मॅडम, कुठे जायचंय?"

"कुठेही चालेल."

त्याने पुस्तिका मागून पुढे चाळली, मग पुढून मागे. "कुठेही नावाचा देश यात दिसत नाहीये."

मी हसले, पण उत्तर दिलं नाही. मला सुचलंच नाही. त्याला काय म्हणायचं, तू की तुम्ही, हेही अजून ठरलं नव्हतं. मी वाक्यंच अशी जुळवायचे की दोन्ही टाळता येतील, त्यामुळे ती आणखीच लहान होत. त्यात त्याचं बोलणं घडाघडा, मराठी शाळेतून शिकलेल्या मुलाचं, म्हणजे विनोद करताना त्याला शब्द शोधावा लागत नसे. मला लागायचा. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी मराठी पेपर मोठ्याने वाचताना मी अडखळले की चुलत भावंडं हसायची. दोन्हीकडे गप्प बसणं हे सगळ्यात सुरक्षित, हे मी फार लहानपणी शिकले होते.

"बरं, नको सांगूस," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी परत विचारीन. त्याच्या पुढच्याही. मी काही रिक्षावाला नाही, उत्तर नाही मिळालं म्हणून निघून जायला."

रिक्षावाल्यांचं मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य त्याचं त्यालाच सुचलं होतं. घरी आल्यावर मी ते मनात पुन्हापुन्हा म्हणून बघितलं.

त्याच्या घरी युरोप म्हणजे स्वित्झर्लंड हे जवळजवळ पक्कं होतं. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी कुणाकुणाकडून ऐकून सगळी माहिती काढली होती. एकदा मला शेजारी बसवून म्हणाल्या, "तिकडे सकाळी पोहे देतात म्हणे नाश्त्याला. आणि बसमध्ये सगळे आपलेच. गप्पा मारत कधी पोचलात ते कळणारसुद्धा नाही."

मला त्या बसची भीती वाटली. चाळीस आपलेच लोक, माईकवर बोलणारा टूर मॅनेजर, कुणीतरी नव्या जोडप्यांना उभं करून उखाणे घ्यायला लावणार आणि मी खाली मान घालून उभी. इतक्या लांब जाऊनसुद्धा मी तीच राहिले तर काय उपयोग, असं वाटलं. मग लक्षात आलं, म्हणजे कुठेतरी जावं असं मला वाटतंय.

कुठे, ते मला बहुधा आधीपासूनच माहीत होतं.

शाळेची छोटी सहल दर वर्षी किल्ल्यातच यायची. दोन दोनच्या रांगेत, डबे घेऊन. किल्ल्यातल्या चर्चना छप्पर नाही. आत गवत आणि भिंतींतून उगवलेले पिंपळ. जमिनीत मात्र थडग्यांचे मोठे दगड आहेत, त्यांवर कोरलेली अक्षरं. सिस्टर सांगायच्या, त्यावर पाय देऊ नका. मी पाय द्यायचे नाही, बाजूला उकिडवी बसून अक्षरांवरून बोट फिरवायचे. ए, बी, सी मला सगळी येत होती, वर्गात माझं वाचन सगळ्यात स्पष्ट होतं. पण त्या दगडांवरची सगळी अक्षरं ओळखीची आणि शब्द एकही कळायचा नाही. इतर मुली पकडापकडी खेळायच्या. मला तिथे बसून फार बरं वाटायचं. तिथे काही कळलं नाही तरी कुणी हसणार नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी आम्ही नेमके त्यांतल्याच एका चर्चमध्ये, थडग्यांच्या दगडांपाशी बसलो होतो. त्याने पुस्तिका काढली. तिच्या कोपऱ्यांना आता घड्या पडल्या होत्या. "बोला."

"पोर्तुगाल," मी म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले की त्याने कान पुढे केला. मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं.

तो हसला नाही. त्याने अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. "यात नाहीये."

"मग राहू दे."

"राहू दे काय? यात नाही ही पुस्तिकेची चूक आहे." त्याने ती सरळ पिशवीत टाकली. त्यानंतर ती किल्ल्यात आली नाही. "पण का? पोर्तुगालच का?"

मी दगडाकडे बोट दाखवलं. "हे लोक इतक्या लांबून इथे आले आणि इथेच राहिले. ते निघाले कुठून, ते बघावंसं वाटतं." हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला स्वतःलाही नीट मांडता येत नव्हतं.

"ठीक आहे. पण तिथे बोलायचं काम तुझं. माझं इंग्रजी म्हणजे तुला माहीतच आहे. येस सर, नो सर आणि सर्व्हर इज डाऊन सर."

"तिथे इंग्रजी चालत नाही फारसं. पोर्तुगीज बोलतात."

"तुला येतं?"

"नाही."

"मलाही नाही." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे दोघंही मुके!"

उरलेलं अर्धं ते होतं. मला जे सापडत नव्हतं ते तो सहज बोलून गेला होता आणि त्याला कळलंही नव्हतं. ज्या देशात त्यालाही शब्द शोधावे लागतील, जिथे माझं गप्प बसणं हा माझा स्वभावदोष ठरणार नाही, नुसतं परकेपण ठरेल, अशा देशात मला त्याच्याबरोबर आठ-दहा दिवस राहायचं होतं. संसार सुरू होण्याआधी. मला वाटत होतं, तेवढं मिळालं तर पुढचं सगळं मला जमेल.

त्या दिवशी घरी परतताना मी पहिल्यांदा म्हणाले, "हळू चालव." स्कूटर एकदम हळू झाली.

मग रविवार भराभर यायला लागले. तो विरारच्या सायबर कॅफेतून नकाशे छापून आणायचा. शाई संपत आलेली असायची, त्यामुळे लिस्बनची नदी कधी राखाडी, कधी नुसती रेघांची. चढावरून जाणारी एक पिवळी ट्राम होती, ती आमच्या कागदावर काळीच होती. पण पिवळी आहे असं खाली लिहिलेलं आम्ही वाचलं होतं, तेवढं पुरे होतं. तिथली घड्याळं आपल्यामागे चालतात हे त्याला भारी आवडलं होतं. किल्ल्याच्या समुद्राकडच्या दरवाजात ऊन उतरायला लागलं की तो मनगट वर करायचा, हिशेब करायचा आणि म्हणायचा, "तिथे आता जेवायची वेळ. काय जेवतोय आपण?"

"मासे," मी म्हणायचे.

"तिथे जाऊनसुद्धा मासेच?"

"तिथेही मासेच खातात. मी वाचलंय. सुकेसुद्धा."

"मग आईला सांगायला हरकत नाही. जेवणाची सोय झाली."

त्यानेच तो खेळ काढला. किल्ल्याच्या दरवाजापासून जेट्टीपर्यंत आपण पोर्तुगालमध्ये आहोत, एक शब्द बोलायचा नाही. काय हवं ते हातांनी. जो बोलेल तो हरला. मी एकदाही हरले नाही. त्याला मात्र भयंकर त्रास व्हायचा. तो हातवारे करून काहीतरी लांबलचक सांगायला जायचा आणि अर्ध्यात कपाळाला हात लावायचा. मी त्याचा एकेक हातवारा बघत चालायचे. माझ्याकडे इतका वेळ, इतकं नीट बघत कुणी काही सांगायचा प्रयत्न केलेला मला आठवत नाही. एकदा त्याने बोट माझ्याकडे केलं, मग हाताची मूठ छातीवर ठेवली, आणि मग घाबरून लगेच एका गाईकडे बोट दाखवलं. मी पुढे निघून गेले. कान तापले होते.

जेट्टीच्या अलीकडे बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असायचे आणि तिथे एक कोळीण मावशी बसलेली असायची. तिने आम्हाला दोन-तीन रविवार असं न बोलता हात हलवत जाताना पाहिलं असावं. एकदा तिने थेट विचारलं, "काय रं, दर रविवारी भांडन करता काय? आदी भांडून घ्या घरी, मंग फिरा."

तो फुटलाच. इतका हसला की खाली बसला. "हरलो," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "बायकोशी हरलेलं बरं असतं." बायको हा शब्द माझ्यासाठी कुणीतरी पहिल्यांदाच वापरला होता. मी बोंबलांकडे बघत उभी राहिले.

आम्ही ठरवलंय म्हटल्यावर घरांतून जे व्हायचं ते झालं. माझे बाबा म्हणाले, "पोर्तुगालला बर्फ असतो का? नाही? मग कशाला?" त्याचे एक काका सुट्टीला आले होते. त्यांनी तर जेवणाच्या पंगतीतच मला धरलं. "सूनबाई, मराठ्यांनी इथे वसईत जीव देऊन त्यांना हाकललं, आणि तुम्ही त्यांच्याच घरी पाहुण्या निघालात?"

सगळे हसले. मी भात कालवत राहिले. तो म्हणाला, "काका, त्यांचं काही सामान राहिलंय इथे, ते परत द्यायला चाललोय."

शाळेतली माझी एकुलती एक जवळची मैत्रीण ख्रिश्चन होती. तिला सांगितल्यावर तीही हसली. "माझं आडनाव ऐकून लोक मलाच विचारतात, गावी कधी जाणार, म्हणजे पोर्तुगालला. आमची फक्त आडनावं तिकडची गं. माणसं इथलीच. माझं गाव इथून रिक्षाने पाच मिनिटांवर आहे." मग म्हणाली, "पण जा तू. आणि मला सांग कसं आहे ते. नाव लावतो तर बघितलं पाहिजे कुणीतरी."

माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आमच्या घरात कुणाकडेच नव्हता. सासऱ्यांच्या ओळखीच्या एजंटने सुचवलं की कोर्टातलं लग्न आधी उरकून घ्या, म्हणजे पासपोर्ट एकदम सासरच्या नावाने निघेल, पुन्हा बदलायला नको. ते सगळ्यांना पटलं. वसईत कोर्टाजवळच्या कचेरीत आम्ही सह्या केल्या, पेढे खाल्ले आणि मी पुन्हा आईबाबांच्या घरी आले, कारण खरं लग्न, मंडपातलं, अजून व्हायचं होतं. पुढची कागदपत्रं सासऱ्यांनी हौसेने अंगावर घेतली. एजंटने पेन्सिलीने फुल्या केलेल्या जागी आम्ही दोघांनीही सह्या केल्या. "बाकी मी बघतो," सासरे म्हणाले. "तुम्ही फिरायची तयारी करा."

काही आठवड्यांनी, एका दुपारी, मी घरी एकटी असताना बेल वाजली. आईची सक्त सूचना होती, एकटी असलीस की साखळी काढायची नाही. मी साखळीच्या फटीतून बघितलं. खाकी कपड्यातला एक पोलीस हातात कागद घेऊन उभा होता. त्याने एका बाईचं नाव घेतलं. नुसतंच नाव, पुढे आडनाव नाही. "आहेत का घरी?"

नाव फार सुंदर होतं. जुनं, तरी हलकं. मला आठवतं, मला वाटलं होतं की या नावाची मुलगी नक्की मोकळेपणाने बोलणारी असेल.

"नाही," मी म्हणाले. "इथे या नावाचं कुणी राहत नाही."

"नक्की? पत्ता तर हाच आहे."

"नक्की. चुकून लिहिला असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि जिना उतरला. मी दार लावून घेतलं आणि बोललेल्या वाक्यांबद्दल स्वतःवर थोडी खूषही झाले. परक्या माणसाशी इतकं स्पष्ट मी क्वचितच बोलायचे.

ते नाव माझं होतं.

आमच्यात लग्नानंतर मुलीचं पहिलं नावही बदलतात. वरातीनंतर सासरी ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि तेव्हाच ते नवरीला कळतं. सासूबाईंनी पंचांग बघून, अक्षर काढून, कुणालाही न सांगता माझ्यासाठी ते नाव शोधून ठेवलं होतं. मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना तेवढं ठाऊक होतं. नाव बदलायचंच आहे तर पहिलंही एकदाच बदलून टाकू, असा त्यांनी सरळ विचार केला आणि एजंटला तेच दिलं. त्या पत्त्यावर अशी कुणी राहत नाही, असा अहवाल गेला. पुन्हा चौकशी लावायची, खुलासे द्यायचे, प्रतिज्ञापत्रं करायची, तोवर लग्नाची तारीख येऊन ठेपली असती. त्याची रजा लग्नाला जोडूनच होती. ती हलत नव्हती.

हे कळलं तेव्हा आम्ही बोळिंजच्या घरात बसलो होतो. सासूबाईंनी आधी तोंडावर हात ठेवला आणि मग त्यांना हसू आवरेना. "अगं, तूच नाही म्हणालीस? तूच?" सासरे खिडकीतून बाहेर बघत होते. "मला वाटलं, कामं कमी होतील," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की कुणालाच त्यांना बोलवेना. मीही हसले. सगळे हसत असताना हसणं मला नेहमीच जमतं.

त्या रविवारी आम्ही किल्ल्यात गेलो, पण खेळ खेळलो नाही. तो जेट्टीपर्यंत बोलला नाही आणि मला ते मौन ओळखीचं वाटलं नाही. शेवटी म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ." मी "चालेल" म्हणाले. त्याने चटकन माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत तो शब्द मी त्याच्यासमोर वापरणं बंद केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्याला ते आधीच कळलेलं होतं.

मला रडू आलं ते लिस्बनसाठी नव्हतं. त्या आठ-दहा दिवसांसाठी आलं. पुढच्या वर्षी गेलो असतो तरी ते दिवस मिळणार नव्हते. तोवर मी त्या घरातली सून झालेली असणार होते, कमी बोलणारी, इंग्लिश मिडियमची, चालेल म्हणणारी. पहिल्यांदा एकमेकांसमोर मुकं असणं एकदाच होतं, आणि ते गेलं होतं.

लग्न झालं. वरात बोळिंजला पोचली, माप ओलांडलं, हॉलमध्ये मला पाटावर बसवलं आणि समोर स्टीलच्या मोठ्या ताटात तांदूळ आले. नाव आता कुणालाच नवीन नव्हतं, पोलिसालासुद्धा नाही, पण रीत ती रीत. भोवती बायका वाकून बघत होत्या. काका कॅमेरा घेऊन खुर्चीवर चढले होते. त्याने बोटातली अंगठी काढली, तांदळावर टेकवली आणि थांबला.

"लिही ना रे," सासूबाई म्हणाल्या.

तो माझ्याकडे वळला. अगदी हळू, किल्ल्यात विचारायचा त्याच आवाजात त्याने विचारलं, "काय लिहू?"

मी "चालेल" म्हणू शकले असते. तो लिहायला तयार होता आणि नाव सुंदर होतं. पण त्या नावाची बाई आमच्या पत्त्यावर राहत नाही हे मी एकदा सांगून चुकले होते, आणि जेवढ्या वेळा मी ते मनात आठवलं होतं तेवढ्या वेळा ते मला खरंच वाटलं होतं. मी माझं नाव सांगितलं. आईबाबांनी ठेवलेलं, साधं, वर्गात आणखी दोघींचं असलेलं.

"काय म्हणाली?" मागून कुणीतरी विचारलं.

मला पुन्हा म्हणावं लागलं. या वेळी दुसऱ्यांदा म्हणणं सोपं गेलं.

त्याने लिहिलं. सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. "मी इतकं शोधून ठेवलं होतं गं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, आणि म्हणून ते मला जास्त लागलं. तेवढ्यात खुर्चीवरून काका ओरडले, "अगं वहिनी, जे नाव पोलिसांना सापडलं नाही ते राहू दे आता! वाटा पेढे!" आणि सगळे एकदम बोलायला लागले.

पहिल्यांदा कुलदैवताला गेलो, सासूसासऱ्यांसह, मग दोघंच चार दिवस महाबळेश्वरला. तिथे स्ट्रॉबेरी होती, धुकं होतं, आणि पॉइंटवर आमच्यासारखी पुष्कळ जोडपी होती. तो छान बोलायचा, मी ऐकायचे. वाईट काहीच नव्हतं.

पासपोर्टसाठी पुन्हा अर्ज केला, तो मी भरला. पुढे एका दुपारी बोळिंजच्या घराची बेल वाजली. दुसरा पोलीस, तसाच कागद. त्याने नाव घेतलं. मी साखळी काढून दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, "मीच." पासपोर्ट आला. त्याची पानं अजून कोरी आहेत. एका वर्षी त्याला रजा नव्हती, पुढच्या वर्षी सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग मुलगी झाली. पोर्तुगालचा विषय आमच्याकडे कुणी बंद केला नाही. तो नुसता कपाटात वर गेला, त्या अर्धवट शाईच्या नकाशांबरोबर. मैत्रीण अजून भेटली की विचारते, "बघितलंस का आमचं गाव?"

कधीतरी रविवारी मुलीला आईकडे ठेवून आम्ही किल्ल्यात जातो. आता मला घाई नसते, तरी आई दारातून सातच्या आत म्हणतेच. मागच्या वेळी दरवाजापाशी आल्यावर त्याने ओठांवर बोट ठेवलं. मला आधी कळलंच नाही. मग आम्ही न बोलता चालायला लागलो. बोंबलांच्या काठ्या होत्या, मावशी दिसली नाही. त्याने मनगट वर केलं, घड्याळाकडे बघितलं आणि तोंडाजवळ घास नेल्यासारखं केलं. मी मान हलवली. हो, तिथे आता जेवायची वेळ.

जेट्टीच्या टोकाला होड्या आत येत होत्या. त्याने भुवया उंचावल्या आणि तळहात उलटा केला. कुठे जायचंय?

मी पाण्याकडे बोट दाखवलं, होड्यांच्या पलीकडे, जिथे सूर्य चालला होता तिकडे. त्याने तिकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. त्या दिवशी तो हरला नाही.

मग अंधारायला लागलं आणि आम्ही स्कूटरकडे वळलो.